शटर ओढून बघा

पत्र असं आहे, थोडं आटोपतं घेऊन देते:

'ताई, लालबागला आमचं सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आठवड्यातून दोन-तीन वेळा माल घेऊन झवेरी बाजारात जा-ये असते, बहुतेक वेळा टॅक्सीनं आणि एकट्यानंच. दोन वर्षांपूर्वी दोघांनी मोटारसायकलवरून येऊन बॅगेला हिसका दिला होता. बॅग वाचली, खांदा निखळला. त्यानंतर अर्ज केला आणि गेल्या महिन्यात शस्त्र परवाना हातात आला. आता घ्यायचं काय? रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? शर्टाखाली दिसणार नाही असं हवं. जितकं छोटं तितकं चांगलं ना? लपवून नेण्याचा वेगळा परवाना काढावा लागतो का? एक मित्र म्हणतो, बॅगेतच ठेव. दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे जुनं परदेशी .३२ पिस्तूल विकायला आहे. बायको या सगळ्यावर नाराज आहे. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला भलतंच कुतूहल आहे. काय करू?'

भाऊ, 'जितकं छोटं तितकं चांगलं ना' याचं उत्तर आधी देते. नाही.

मी वीसेक वर्षं रेंजवर नवशिक्यांना हातात हत्यार धरायला शिकवलं. दुकानात मुठीत मावणारं पिस्तूल बघून लोक हरखतात. रेंजवर तेच पिस्तूल हातात आलं की पाच पावलांवरचा कागदही चुकतो. कारण सरळ आहे. नळी आखूड असली की नेम धरायची मागची खाच आणि पुढचा खुंट यांच्यातलं अंतर कमी होतं, त्यामुळे त्या दोघांची रांग केसभर चुकली तरी नेम हातभर सरकतो. मूठ छोटी, त्यामुळे करंगळीला जागा नाही. वजन कमी, म्हणून झटका सगळा हातात येतो आणि दुसरी गोळी कुठच्या कुठे जाते. छोटं हत्यार हे मुरलेल्या हाताचं काम आहे. तुमचा हात अजून कच्चा आहे, यात राग मानू नका.

तेव्हा प्रश्न असा घ्या: मला नीट चालवता येईल अशांपैकी कुठलं माझ्या शर्टाखाली मावेल? तुम्ही उलट बाजूनं सुरुवात केलीत.

निवडीची चिंताही तुम्हाला वाटते तेवढी नाही, कारण निम्मी निवड कायद्यानं आधीच करून ठेवली आहे. मोबाइलवर तुम्ही परदेशी व्हिडिओ बघितले असणार. ग्लॉक ४३, सिग पी३६५, अमुक किती पातळ, तमुकमध्ये किती गोळ्या. ती सगळी ९ मिलिमीटरची पिस्तुलं आहेत आणि ९ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं नळीचं माप आहे. तुमचा परवाना अप्रतिबंधित बोअरचा आहे, म्हणजे व्यवहारात .३२. त्यातही दोन घरं आहेत आणि इथे माणसं फसतात. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांबट आणि बुडाला कडा असलेलं, .३२ पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर' लिहिलंय की 'पिस्तूल' की दोन्ही, ते विसार देण्याआधी वाचा. आपली .३२ ची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात. बुडावर 'केएफ' असा शिक्का असतो, खडकीचं जुनं इंग्रजी नाव किरकी, त्यातला तो 'के'.

लपवून नेण्याच्या परवान्याचं म्हणाल, तर ती अमेरिकेची भानगड. तिथे राज्याराज्यांत त्याचे वेगळे नियम आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे २०१६ चे नियम उलटंच सांगतात: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे झाकणं ही सवलत नव्हे, सक्ती आहे. टॅक्सीत बसताना शर्ट वर सरकून मूठ दिसली तर चूक तुमची. वाहतूक पोलिसाशी हुज्जत घालताना कुणी कमरेवरचा शर्ट 'सहज' बाजूला केला, तर परवाना जायला तेवढंही पुरतं.

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. शिकायला आलेल्या एका व्यापाऱ्याला मी एकदा डाव्या हातात तीन किलोची बॅग धरायला लावली आणि म्हटलं, आता पिस्तूल काढा आणि चालवा. पिस्तूल रिकामं होतं, मॅगझिनमध्ये डमी काडतुसं. त्यांनी ते झकास काढलं. मग थबकले. गोळी नळीत चढवायला वरची स्लाइड मागे ओढावी लागते आणि ती ओढायला दुसरा हात लागतो. दुसऱ्या हातात बॅग. त्यांनी बॅग काखेत मारली, ती घसरली, मग गुडघ्यांत धरली. हसू आलं आम्हाला दोघांनाही, पण त्यांचा चेहरा उतरला होता. यावर लोक म्हणतात, गोळी आधीच चढवून ठेवायची आणि सेफ्टी लावायची. ठेवता येते. मग भीतीनं हात थरथरत असताना ती बारीक कळ अंगठ्यानं खाली करायचं भान राहील, इतका सराव हवा. आणि काडतूस फुटलं नाही तर स्लाइड पुन्हा ओढणं आलंच.

रिव्हॉल्व्हरला यातलं काही नाही. काढलं, चाप ओढला. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, सिलिंडर फिरून पुढचं काडतूस समोर येतं. चाप लांब आणि जड असतो, साधारण चार-पाच किलोचा दाब. नवख्यांना ते खटकतं. मला तो जडपणाच आवडतो, कारण चुकून गोळी सुटायला तेवढा दाब सहजासहजी पडत नाही. तोटेही आहेत. सिलिंडर जाड असल्यानं कमरेला फुगवटा येतो, गोळ्या सहाच आणि भरायला वेळ लागतो. पण तुमच्यासारख्या माणसाला दुसऱ्यांदा गोळ्या भरायची वेळ आली, तर तोवर बाकी बरंच बिघडलेलं असेल.

तुमच्यासाठी माझं मत रिव्हॉल्व्हर. घसा कोरडा करून दुकानदार 'अशनी' पिस्तुलाचे गुण सांगेल, ते वाईट नाही, पण ज्याचा एक हात कायम बॅगेत अडकलेला असतो त्याचं ते नव्हे.

रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलं? 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं तेव्हा त्याची फार चर्चा झाली. बायकांसाठीचं रिव्हॉल्व्हर म्हणून जाहिरात, किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात, त्यावरून टीकाही झाली. जाहिरात सोडा. वजन ५०० ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं पन्नास तोळे. दिवसभर पट्ट्यावर वागवायला हे वजन सुसह्य आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीचं जुन्या घाटाचं .३२ याहून जड, मधून मोडून उघडणारं. झटका कमी जाणवतो, म्हणून शिकायला मला ते बरं वाटतं. कानपूरहून २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'चं सिलिंडर कडेला उघडतं. आणखी एक 'निडर' आहे, .२२ चं, जेमतेम पाव किलोचं. त्याच्याकडे बघून तुम्हाला मोह होणार, कारण ते खिशात जातं. नको. .३२ च मुळात दुबळं काडतूस, .२२ त्याहून दुबळं, आणि .२२ चं काडतूस न फुटण्याचं प्रमाणही जास्त. तीनही रिव्हॉल्व्हरं हातात घ्या. मधल्या बोटापासून करंगळीपर्यंत तीनही बोटं मुठीवर बसतायत का आणि पहिल्या बोटाचं पहिलं पेर चापावर नीट पोचतंय का, एवढं बघा. दुकानदाराला विचारून रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर चाप दहा वेळा ओढा. दहाव्या वेळी नळी डुगडुगत असेल तर ते तुमचं नाही.

परदेशी पिस्तुलाबद्दल. वैयक्तिक आयात कधीची बंद असल्यानं आपल्याकडे जुन्या परदेशी हत्यारांना घराण्याच्या दागिन्यासारखा भाव येतो. दागिना असेल तर कपाटात ठेवा, कमरेला नको. साठ-सत्तर वर्षांच्या स्प्रिंगा थकलेल्या असतात आणि त्या काळच्या कित्येक हत्यारांमध्ये, खाली पडलं तरी गोळी सुटू नये यासाठीची आतली अडसर-पट्टीच नसते. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेता गोविंदा कोलकात्याला जायला निघाला होता आणि परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना गोळी सुटून त्याच्याच पायात, गुडघ्याखाली घुसली. जुहूच्या घरात, कुणी अंगावर आलेलं नसताना. शिवाय त्या गृहस्थांकडून परस्पर घेता येणार नाही. खाजगी विक्रीआधी त्यांना दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला कळवून ४५ दिवस थांबावं लागतं आणि मग ते हत्यार तुमच्या परवान्यावर चढतं. 'आधी घेऊन जा, कागद मागून करू' असं ते म्हणाले, तर चहा प्या आणि निघा.

हत्यारापेक्षा माझं जास्त लक्ष होल्स्टरवर आहे, तुम्ही मात्र त्याचं नावही काढलेलं नाही. बॅगेत ठेवायचा सल्ला देणारा मित्र तुमचा आहे की त्या मोटारसायकलवाल्यांचा? चोर पहिला हात बॅगेला घालणार. सोनं तर गेलंच, वर तुमच्या नावावरचं भरलेलं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात. कमरेच्या पाउचची गत तीच. खिशात किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर तर अजिबात नको, चापात काय अडकेल सांगता येत नाही. घोट्याला बांधायचं होल्स्टर सिनेमात शोभतं. तुम्ही गादीवर मांडी घालून बसता, चपला बाहेर. खांद्याच्या होल्स्टरवर जाकीट लागतं, आणि मे महिन्यात जाकीट घालून लालबागहून झवेरी बाजारात जाणारा माणूस तसाच उठून दिसतो.

तेव्हा कमर. उजव्या बाजूला, हाडाच्या किंचित मागे, पट्ट्याला. पँटच्या आत अडकवायचं होल्स्टर कमी दिसतं, पण गादीवर बसलात की टोचेल आणि टोचलं की तुम्ही दर पाच मिनिटांनी हात लावाल. हात लावणारा माणूस लगेच ओळखू येतो. पट्ट्याबाहेर, अंगालगत बसणारं, चाप पूर्ण झाकणारं आणि वर बटणाची पट्टी असलेलं घ्या. त्यावर बाहेर सोडलेला, एक माप मोठा, गडद चौकड्यांचा शर्ट. पातळ पांढऱ्या शर्टातून सगळं दिसतं. आणि पट्टा! फुटपाथवरच्या मऊ पट्ट्यावर अर्धा किलो लटकवलं की पँट एका बाजूला कलते. धारावीत चामड्याच्या दुकानांत दुपदरी, कडक पट्टा मापानं करून मिळतो. एवढ्या खर्चात काटकसर नको.

मग परीक्षा घ्या. रिकामं हत्यार लावून आरशासमोर उभं राहणं ही परीक्षा नव्हे, आरशासमोर सगळेच ताठ उभे राहतात. तुम्ही दिवसभरात काय करता? वरच्या खणातला ट्रे काढता, तेव्हा शर्ट चार बोटं वर जातो. टॅक्सीत वाकून शिरता. आणि रात्री दुकानाचं शटर. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी खाली ओढून, पायानं दाबून कुलूप लावता, रस्त्याकडे पाठ करून. सगळ्या लालबागला तुमची कंबर दिसते. बायकोला समोरच्या फुटपाथवर उभं करा आणि शटर ओढून बघा. तिला काही दिसलं तर होल्स्टर बदला, शर्ट बदला, किंवा शटर ओढायला मुलगा ठेवा. त्या वेळी खरं तर तो ठेवाच. दिवसातला तुमचा सगळ्यात उघडा क्षण तो आहे.

मुंबईच्या हवेबद्दल थोडं. घाम आणि दमट हवा यांनी काळ्या पॉलिशचं पोलाद आठवड्यात तांबूस होतं. रोज रात्री गोळ्या काढून कोरड्या फडक्यानं पुसा, मग तेलाचा हात फिरवा. आणि ते होल्स्टरमध्ये घालून ठेवू नका, चामडं घाम धरून ठेवतं. पावसाळ्यात काडतुसंही बदलत राहा, कमरेवर महिनोन्महिने वागवलेली सरावाला वापरून टाका.

सराव म्हणजे महिन्यातून एकदा रेंज. परवान्याआधीचं सुरक्षा प्रशिक्षण झालं म्हणजे शिकलात असं नाही, वाहन परवाना मिळालेला प्रत्येक जण काय गाडी चालवतो ते आपण बघतोच.

कुठे न्यायचं नाही, ते परवान्यामागच्या अटींत आहे, आणि तुमच्या पत्त्यामुळे मला ते ठळक सांगावं लागतंय. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार इथे हत्यार न्यायला मनाई आहे. गणपतीचे दहा-अकरा दिवस तुमच्या दुकानाबाहेर दुसरं काही नसतंच. ते दिवस रिव्हॉल्व्हर तिजोरीत. मुलाच्या शाळेत पालकसभेला जाताना घरी. निवडणुका लागल्या की पोलीस जमा करायला सांगतील तेव्हा वाद न घालता जमा करून पावती घ्या. मॉलच्या दारावर, विमानतळावर काय होईल ते सांगायला नकोच. आणि दुकानातल्या मुलाच्या हातात 'जरा धर' म्हणूनही द्यायचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. त्या अंगरक्षकालाही अटक झाली.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. झवेरी बाजारातल्या शेख मेमन स्ट्रीटवर दुपारी बारा वाजता गोळी झाडायची म्हणजे काय? हातगाडीवाला, चहाचा पोऱ्या, मंगळसूत्र बघायला आलेली मायलेक. चुकलेली गोळी यांच्यातल्या कुणाला तरी लागणारच, तिथे रिकामी जागाच नाही. त्या गल्लीत तुमचं रिव्हॉल्व्हर असून नसल्यासारखं आहे. उपयोग झालाच तर दुकानात, टॅक्सीत किंवा इमारतीच्या जिन्यात, दोन-तीन हातांवर. कायदाही तेवढंच देतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं वकिलाकडून एकदा समजून घ्या. जिवावर बेतलं तर बचावाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तोही नाही. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर सोन्याचा हिशेब राहील बाजूला आणि माणसाचा द्यावा लागेल.

म्हणून सोन्याची काळजी सोन्याच्या जागी घ्या. सराफांसाठी 'ज्वेलर्स ब्लॉक' नावाचा विमा असतो, त्यात वाटेतला माल येतो का आणि किती रकमेपर्यंत, ते पॉलिसी काढून आज वाचा. जाण्याचे वार आणि वेळ बदला. एकट्यानं जाऊ नका. मागच्या वेळी त्या दोघांना तुमची वेळ ठाऊक होती, नाहीतर नेमकी तुमचीच बॅग कशी? बॅग हिसकली तर सोडून द्या. खांदा एकदा निखळलेला पुन्हा लवकर निखळतो, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. तो उजवा असेल, तर रिव्हॉल्व्हर घेण्याआधी त्यांना विचारून या.

वहिनींची नाराजी मला रास्त वाटते आणि ती घालवायच्या भानगडीत पडू नका. त्यांना एकदा रेंजवर बरोबर न्या. आवाज ऐकू दे, तुमचा हात कसा थरथरतो तेही दिसू दे. नंतर त्या 'नको' म्हणाल्या तर ते ऐकण्याइतपत वजनाचं मत असेल.

मुलाचं कुतूहल लपवाछपवीनं वाढतं. गोळ्या काढून, त्याच्यासमोर सिलिंडर उघडून एकदाच नीट दाखवा, सहा रिकामी भोकं त्यालाच मोजू द्या. हातात द्यायचं नाही. मग हत्यार भिंतीत बसवलेल्या पोलादी पेटीत, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या कुलपात. किल्ली देव्हाऱ्यातल्या डबीत किंवा मसाल्याच्या डब्यामागे ठेवू नका, तेरा वर्षांच्या पोराला घरातल्या या जागा आईआधी माहीत असतात. करदोट्याला बांधा आणि आंघोळीला जातानाही काढू नका.